फुटून निघालेल्यांच्या बाजूने

गेल्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी तीन मुलं माझ्या घरी आली. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती, त्यामुळे चार मजले चढून, घामाघूम होऊन. एकाच्या पाठीला गिटारची बॅग होती. पाणी प्यायली, चहा नको म्हणाली, मग हो म्हणाली. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि शेवटी त्यांच्यातला ड्रमर म्हणाला, "काका, तुम्ही समजवा ना तिला."

'ती' म्हणजे माझी भाची. चार वर्षं या मुलांच्या बँडमध्ये ती गात होती. नोव्हेंबरात तिने बँड सोडला आणि स्वतःची सहा मराठी गाणी स्वतःच्या नावावर रेकॉर्ड करायला घेतली. मुलांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही तिला माइक दिला, तिच्यासाठी गाण्यांच्या पट्ट्या बदलल्या, हॉटेलवाल्यांच्या मागे लागून कार्यक्रम मिळवले, आणि लोक नाव घेऊन ओळखायला लागल्यावर ती निघाली. "आम्ही काय बॅकिंग ट्रॅक होतो का?" असं बेसवाला म्हणाला, आणि ते बोलताना त्याचा आवाज कापला. ते खोटं नव्हतं.

माझ्याकडे येण्याचं कारण दुहेरी होतं. मी तिचा मामा, आणि कधीकाळी मीही नाशकात बँडमध्ये गिटार वाजवली आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मी समजावतो असं म्हणालो नाही, समजावणार नाही असंही म्हणालो नाही. भित्र्या माणसासारखा "बघू" म्हणालो. हा लेख म्हणजे त्या "बघू"चं उशिरा दिलेलं उत्तर आहे. मी तिला समजावणार नाही. उलट जमलं तर तुम्हालाच समजावणार आहे.

*

पहिली गोष्ट शब्दाची. त्याच आठवड्यात कुणीतरी त्या मुलांच्या ग्रुपवर तिला 'गद्दार' म्हटलं होतं. हा शब्द महाराष्ट्रात सध्या फार स्वस्त झाला आहे. रोज सकाळी टीव्हीवर फुकट मिळतो. पण राजकारणातला फुटीर निघताना पक्षाचं नाव, चिन्ह, झालंच तर कार्यालयाच्या किल्ल्याही घेऊन जायला बघतो. गायक बँड सोडतो तेव्हा बहुतेक वेळा सगळं मागे ठेवून जातो. नाव मागे, गाजलेली गाणी मागे, ठरलेले कार्यक्रम मागे. बरोबर काय नेतो? गळा. तो त्याचाच होता.

अपवाद आहेत. रॉजर वॉटर्सने १९८५ साली पिंक फ्लॉइड सोडलं आणि उरलेल्यांनी ते नाव वापरू नये म्हणून पुढच्याच वर्षी भांडण कोर्टात नेलं. त्या अर्थाने तो आपल्या पुढाऱ्यांचा भाऊ शोभेल. पण नावावरून कोर्टात जाणारे थोडे. बाकीच्यांवर आपण जो आरोप करतो तो मुळात संगीताचा नाहीच, एकत्र कुटुंबाचा आहे. घर फोडलं. वेगळी चूल मांडली. मोठा झाला आणि भावंडांना विसरला. तबलजीने गायक बदलला तर आपल्याला काही वाटत नाही, ढोल पथकातून चार वादक उठून दुसऱ्या पथकात गेले तर आठ दिवस धुसफूस होते आणि मिरवणुकीत पुन्हा सगळे नाचतात. बँडच्या गायकाला मात्र आपण थोरल्या सुनेचे नियम लावतो.

आणि हे नियम आपण आपल्याच संगीताच्या इतिहासाला लावून पाहिलेले नाहीत. मराठी संगीत रंगभूमीचा सुवर्णकाळ असं ज्याला म्हणतो, तो फुटून निघालेल्यांनी घडवलेला आहे. केशवराव भोसले ज्या स्वदेश हितचिंतक मंडळीत लहानाचे मोठे झाले, ती सोडून त्यांनी १९०८ साली ललितकलादर्श काढली. बालगंधर्व १९१३ साली किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गणपतराव बोडस, गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. दोन वर्षांत टेंबेही त्यातून निघाले. आज यांतल्या कुणाला तुम्ही गद्दार म्हणता? त्यांच्या तसबिरी नाट्यगृहांत लावलेल्या आहेत. आणि १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं तेव्हा हे दोन 'घरफोडे', भोसले आणि बालगंधर्व, एकाच रंगमंचावर उभे राहिले. वेगळ्या चुली मांडल्या होत्या म्हणूनच ती पंगत इतकी गाजली.

नाशिककरांना आणखी जवळचं उदाहरण देतो. विष्णु दिगंबर पलुस्करांचं नाव आपण पंचवटीत सभागृहाला दिलेलं आहे. उत्तरायुष्यात त्यांनी इथेच आश्रम काढला. पण त्याआधी, १८९६ साली, तरुण पलुस्कर मिरज सोडून निघाले होते. संस्थानचा आश्रय, गुरूचं गाव, ओळखीचा श्रोता, सगळं सोडून. पाच वर्षांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. मिरजेतच राहिले असते तर एक चांगले दरबारी गवई झाले असते. आपल्याला त्यांचं निघणं हवं आहे, फक्त आजच्या पोरीचं नको आहे.

*

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलं म्हणाली, एकट्याचे अल्बम कधी बँडच्या तोडीचे होत नाहीत. हे वाक्य मी पस्तीस वर्षं ऐकतो आहे, मीही म्हटलेलं आहे. ते खोडायला लंडन-न्यूयॉर्कला जायची गरज नाही. आपल्या किनाऱ्यावर, शिवोलीत, एका माणसाने ते खोडून दाखवलेलं आहे.

रेमो फर्नांडिस म्हटलं की आज बहुतेकांना 'बॉम्बे' सिनेमातलं 'हम्मा हम्मा' आठवतं. ते १९९५चं. मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीची. १९५३ साली पणजीत जन्मलेला हा मुलगा सत्तरच्या दशकात आर्किटेक्चर शिकायला मुंबईला, जेजेला आला आणि द सॅव्हेजेस या त्या काळच्या नावाजलेल्या रॉक बँडमध्ये वाजवू-गाऊ लागला. ते दिवस आठवा, किंवा ज्यांनी पाहिले त्यांना विचारा. सिगारेट कंपनी 'सिमला बीट' नावाची स्पर्धा भरवायची, देशभरातले बँड यायचे, १९७० आणि १९७१च्या स्पर्धांच्या तबकड्याही निघाल्या. वाजवणारे एकाहून एक होते. पण रोजच्या कार्यक्रमात मोठेपणाचं माप एकच: इंग्लंड-अमेरिकेच्या बँडसारखं किती हुबेहूब वाजतं. जितका स्वतःचा आवाज कमी, तितक्या टाळ्या जास्त.

रेमो त्यातून निघाला. शिक्षण पुरं केलं, युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला, आणि मुंबईला बस्तान न बसवता गोव्यात, शिवोलीच्या घरी परतला. स्वतःची इंग्रजी गाणी घेऊन तो रेकॉर्ड कंपन्यांकडे गेला. त्यांना ती नको होती. मग त्याने घरातच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून, सगळे आवाज स्वतः गाऊन अल्बम केला: 'गोअन क्रेझी', १९८४. वेष्टनाचं चित्रही स्वतःच काढलं आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर लादून दुकानोदुकानी स्वतःच पोचवल्या.

चार ट्रॅक म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगायला हवं; त्यांच्या मोबाइलमध्ये वाट्टेल तितके मिळतात. त्या यंत्रात एका वेळी चारच थर बसतात. गिटार, बेस, ताल हे तीन भरले की ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे, मग पहिले तीन पुसून त्यांवर बासरी, दुसरा आवाज, तिसरा आवाज. प्रत्येक उतरवणीला फीत जास्त सळसळते, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. म्हणजे आधीच ठरवावं लागतं की मला नेमकं काय म्हणायचं आहे. बँडमध्ये हा निर्णय चौघांच्या वादावादीत पुढे ढकलता येतो. इथे खोलीत दुसरं कुणी नाही.

आणि काय म्हटलं त्याने? गोव्याबद्दल म्हटलं, गोव्यातल्या माणसाने, गोव्यातल्या माणसांसाठी, त्यांना हसवत आणि टोचत. 'ओल्ड गोअन गोल्ड' (१९८५) मध्ये जुनी गोव्याची गाणी आपल्या पद्धतीने मांडली. 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) मध्ये, किनाऱ्यावर गर्दचा सुळसुळाट असताना, त्या गर्दविरुद्ध रॉक गाणं केलं. रॉकवाला म्हणजे नशाबाज, असं समीकरण घराघरांत पक्कं असण्याचा तो काळ. 'बॉम्बे सिटी' (१९८७) मध्ये मुंबई. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले तेव्हा त्यांच्या समोरच, त्यांनाच उद्देशून, गोव्याची गाऱ्हाणी सांगणारं गाणं गायला. कोकणी-मराठी वादाने गोवा पेटलेला होता ते दिवस. मराठी माणूस म्हणून त्यातलं सगळं आपल्याला पटलंच पाहिजे असं नाही. पण मला सांगा, हे गाणं कुठल्या बँडच्या 'बहुमताने' मंजूर झालं असतं? चौघांपैकी एकाचे वडील सरकारी नोकरीत असते, दुसऱ्याला पुढच्या कार्यक्रमाची काळजी असती, तिसरा म्हणाला असता, "गाणं चांगलंय रे, पण आत्ता कशाला?"

बॉम्बे सिटीची कॅसेट मी शालिमारजवळच्या एका दुकानातून, दहावीच्या सुट्टीत घेतली. त्याआधी पंकज पराशरच्या 'जलवा'मधलं रेमोचं शीर्षकगीत ऐकलेलं होतं, म्हणून. घरी आल्यावर पहिली प्रतिक्रिया निराशेची होती. आवाज पातळ वाटला. परदेशी कॅसेटींतला भरदारपणा नव्हता. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र लक्षात आलं की मला प्रत्येक शब्द कळतोय. उच्चारांमुळे नव्हे, तर तो ज्या गावाबद्दल गातोय त्या गावाला मी एसटीने जाऊन आलेलो आहे म्हणून. रॉक संगीतात असं काही होऊ शकतं, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

सॅव्हेजेस वाईट बँड नव्हता, उत्तम होता. पण एक प्रश्न टाळू नका. आज आपण, गोव्यात असो की नाशकात, 'आपलं' रॉक म्हणून काय दाखवू शकतो? बँडमधल्या त्याच्या वर्षांकडे बोट दाखवाल, की घरात एकट्याने केलेल्या त्या सळसळत्या कॅसेटींकडे?

*

दुसरं नाव नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, ही त्यांची ओळख मराठीत अजूनही पहिल्यांदा सांगितली जाते. मुंबईत वेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा बँडमध्ये गायलेला अस्सल रॉक गायक. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये (१९७४) त्यांनी ज्यूडास गायला. आणि मग १९७८ साली पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, ते अंकुश झाले. मराठी रंगमंचावर रॉकचा गळा, मराठी शब्द घेऊन, पहिल्यांदा असा मोकळा सुटला. त्यासाठी त्यांना इंग्रजी बँडच्या वर्तुळातून एक पाऊल बाहेर टाकावं लागलं.

पुढे त्यांनी 'डिस्को डान्सर'साठी गायलं, मालिकांना संगीत दिलं. २०१४ साली गेले. त्यांच्यावर मराठीत काय लिहिलं गेलं ते शोधून पाहा. नाटकाच्या इतिहासात एक ओळ, आईवडिलांच्या आठवणींत एक परिच्छेद. नाट्यसमीक्षकांना वाटलं हा रॉकवाला, रॉकवाल्यांना वाटलं हा नाटकात गेला. फुटून निघणाऱ्याची खरी शिक्षा ही असते. त्याला शिव्या बसतात ते एक वेळ ठीक. पण त्याला ठेवायला कुठल्याच कपाटात जागा उरत नाही. गद्दार म्हणणाऱ्या मुलांवर माझा तेवढा राग नाही, जेवढा आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांवर आहे. भावगीत, नाट्यगीत, लावणी, गझल, प्रत्येकाची खोकी आपण तयार ठेवली. मराठी तोंडाने रॉक गाणाऱ्या माणसासाठी चाळीस वर्षांत एक खोकं केलं नाही.

*

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो.

एकट्याचे अल्बम पुष्कळदा वाईट असतात. खोलीत 'नाही' म्हणणारं कुणी उरत नाही. बँडमध्ये ड्रमर कंटाळून काठ्या खाली ठेवतो, तेव्हा गाणं दोन मिनिटांनी लांबलंय हे कळतं. पैसे देऊन बोलावलेला वादक कंटाळत नाही, तो घड्याळ बघतो. हेही खरं की नव्वदच्या दशकात कंपन्यांना आणि म्युझिक चॅनेलना बँड नको होते, चेहरे हवे होते. चौघांपेक्षा एकाला सांभाळणं सोपं, एकाला विकणं सोपं. गायकाला बाजूला घेऊन 'तू एकटा ये' म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. अशा हाकेला ओ देऊन गेलेल्यांची वकिली मी करत नाही.

आणि हेही मान्य की राहूनही आपलं म्हणता येतं. रॉक मशीन, म्हणजे पुढचा इंडस क्रीड, हे त्याचं ठळक उदाहरण. मुंबईतल्या या पोरांनी दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता ठरवलं की आता आपलीच, आणि १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. बँड म्हणूनच काढला. तुमच्या बँडमध्ये हे घडत असेल तर कुणी कशाला निघेल?

इथेच मी मुलांना अडवणार आहे. कारण ती गेल्यावर मी भाचीला विचारलं होतं. तिने रडगाणं गायलं नाही. एवढंच म्हणाली, "मामा, चार वर्षांत मी त्यांना बारा गाणी ऐकवली. बाराही वेळा 'बघू' म्हणाले." मग थोडं थांबून, "आणि पट्टी बदलली म्हणतात ना, ती निम्म्या गाण्यांची. उरलेली मी ओरडून गायले. घसा बसला की म्हणायचे, आज एनर्जी भारी होती."

बारा गाणी. जॉर्ज हॅरिसनची आठवण आली. लेनन आणि मॅकार्टनीच्या गाण्यांमधून त्याच्या वाट्याला अल्बममागे एखाद-दुसरी जागा यायची. बीटल्स फुटले आणि १९७० संपायच्या आत त्याने 'ऑल थिंग्ज मस्ट पास' काढला. एक नव्हे, तीन तबकड्यांचा संच. त्यातली सगळी गाणी एका रात्रीत सुचली नव्हती. कित्येक साचून राहिली होती. बँड जेव्हा 'आमच्यामुळे तू' म्हणतो, तेव्हा त्याने एकदा हेही मोजावं, की आमच्यामुळे तुझं काय साचून राहिलं.

आणि ती गेली म्हणजे बँड संपला, हे कुणी सांगितलं? पीटर गॅब्रिएलने १९७५ साली जेनेसिस सोडलं. सगळे म्हणाले, झालं, मेला बँड. मागे बसून ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्स पुढे आला, गायला लागला, आणि बँड आधीपेक्षा मोठा झाला. गॅब्रिएलने १९७७ पासून एकामागून एक अल्बम काढले, पहिल्या चारांना स्वतःच्या नावापलीकडे नावसुद्धा दिलं नाही. त्यातल्या तिसऱ्यात, १९८० साली, दक्षिण आफ्रिकेत पोलिसांच्या ताब्यात मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिकोवर गाणं आहे. पुढे त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने नुसरत फतेह अली खानांना जगभर नेलं. म्हणजे एक माणूस निघाला आणि एका घराची दोन घरं झाली, दोन्हींत दिवा लागला. ड्रमर मित्रा, हे खास तुझ्यासाठी लिहितोय. तू गाऊन पाहिलंयस का कधी?

श्रोत्यांनाही एक शब्द. आपण 'जुनी गा' असं ओरडतो ना, ते थोडं कमी करू या. रॉबर्ट प्लँटने लेड झेपेलिनच्या नावावर उरलेलं आयुष्य आरामात काढलं असतं. २००७ साली लंडनला एक रात्र जुन्या मित्रांबरोबर गायला, आणि दौऱ्याला नाही म्हणाला. त्याच वर्षी अॅलिसन क्रॉससोबत हळू, जवळजवळ कुजबुजत गायलेला 'रेझिंग सँड' काढला. दोन वर्षांनी त्याला ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. तेव्हा तो साठीचा होता. आमची पोरगी पंचविशीची आहे आणि तिला आत्ताच सांगतायत की तुझं ते जुनंच बरं.

*

इथवर मी वकिलासारखा बोललो. आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो, कारण त्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९९६ ते २००१ आमचा बँड होता. चौघं. सातपूरला एकाच्या वडिलांचं वर्कशॉप होतं, सुट्टीच्या दिवशी लेथ मशीनच्या मध्ये आम्ही वाजवायचो. डीप पर्पल, थोडं डायर स्ट्रेट्स, कॉलेजच्या गॅदरिंगला हिंदी. आमच्या गायकाने २००१च्या पावसाळ्यात बँड सोडला. त्याला मराठीत गायचं होतं. मी सगळ्यांत जास्त बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण 'तुला कोण विचारणार एकट्याला' हे त्यातलं सौम्य वाक्य.

पुढच्या दिवाळीत त्याने घरच्या कॉम्प्युटरवर आठ गाण्यांची सीडी केली. प्रती त्याने स्वतः जाळल्या, वर मार्करने नाव लिहिलं, आणि एक माझ्या घरी आणून दिली. मी घरी नव्हतो. आईने घेतली. मी ती ऐकली नाही. राग म्हणून आधी, सवय म्हणून नंतर. आमच्यापैकी कुणीच ऐकली नाही, हे मला पुढे कळलं. त्याने दुसरी केली नाही. तो अंबडला एका कारखान्यात लागला, लग्न झालं, गाणं सुटलं.

ती मुलं येऊन गेली त्या रात्री मी माळ्यावरून खोकं काढलं. सीडी वाजवायला घरात काही नव्हतं; शेजाऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लावली. दोन गाणी अडकत होती. उरलेली सहा ऐकली. काही ठिकाणी ताल डळमळीत होता, गिटार तर वाईटच. ती मी वाजवली असती तर बरी झाली असती, हा विचार मनात आला आणि मी तो तसाच राहू दिला. पाचवं गाणं रामकुंडावर पहाटे दशक्रियेला आलेल्या माणसांबद्दल आहे. मी या गावात जन्मलो, वाढलो, माझ्या वडिलांचं तिथेच केलं. त्या पहाटेवर कुणी रॉक गाणं केलं असेल, ते माझ्याच माळ्यावर वीस वर्षं पडून असेल, आणि मी दर वर्षी सुला फेस्टला जाऊन 'आपल्याकडे ओरिजिनल होत नाही' म्हणून बिअर पीत असेन, हे मला पेलवलं नाही.

त्याला फोन केला. गाण्याबद्दल बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आता कशाला रे?" रागाने नाही. कामावरून दमून आलेला माणूस बोलतो तसा. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "जाऊ दे. पोराची परीक्षा आहे, नंतर बोलू." अजून बोलणं झालेलं नाही.

*

तर मुलांनो, काकांचं उत्तर असं आहे.

तुमचं दुःख खरं आहे. चार वर्षं एकत्र घाम गाळलेला माणूस उठून जातो तेव्हा दुखतं, दुखायलाच हवं. तुम्ही बॅकिंग ट्रॅक नव्हता. पण म्हणून तीही तुमचं सामान नव्हती. ढोल फुटला तर नवं पान बसवता येतं. गळ्याचं तसं नसतं. तिला काय गायचं आहे ते तिलाच ठरवावं लागणार, आणि ते चुकलं तर तिचं चुकेल. चुकू दे. सहापैकी चार गाणी फसली तरी दोन उरतील, आणि त्या दोनांत कदाचित आपल्या गावाबद्दल असं काही असेल, जे तुमच्या बाराच्या बारा 'बघू'मध्ये कधी आलं नसतं.

तुम्ही नवा गायक शोधा. नाहीतर ड्रमरला गायला लावा. जमलं तर स्वतःची गाणी करा. आणि एक काम माझ्यासाठी कराल? तिची सीडी येणार नाही, लिंक येईल. ज्या दिवशी येईल त्या दिवशी ऐका. आवडली नाही तर तोंडावर सांगा, शिव्या घाला, भांडा. पण ऐका. मी वीस वर्षं उशीर केला. तेवढ्या वेळात एक गायक अंबडला शिफ्टला जायला लागला.